भोजनगृहाचा हिशेब

श्रोतेहो, कॉलेजातील विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचा संपादक हा फार अल्पायुषी प्राणी असतो. वर्षभर तो अग्रलेख लिहितो, मित्रांच्या मागे लागून मजकूर मिळवतो, मध्यरात्रीपर्यंत प्रुफे तपासतो, सकाळी वर्गात डुलक्या घेतो. आणि वर्ष सरले की त्याची गादी दुसऱ्याकडे जाते. त्याचे अंक रद्दीत जमा होतात. त्याने काय लिहिले होते हे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनासुद्धा ठाऊक नसते. अशा एका संपादकाला एका बलाढ्य राष्ट्राच्या सिनेटच्या उपसमितीने तब्बल एकवीस वर्षांनी समोर बसवावे आणि बाविसाव्या वर्षीच्या त्याच्या लेखनाचा जाब भर सभेत विचारावा, ही गोष्ट कोणाला कल्पित वाटेल. पण ती घडलेली आहे, आणि तीच आज आपल्याला सांगणार आहे.

तत्पूर्वी एक कबुली देऊन टाकतो. संपादकपदाचा मान मलाही एकदा लाभला होता. आमचे वर्तमानपत्र छापील नव्हते. ते भित्तिपत्रक होते. कार्डशीटवर सुवाच्य अक्षरात मजकूर लिहायचा, समासात वेलबुट्टी काढायची आणि दर पंधरवड्याला तो कागद जिन्याशेजारच्या काचेच्या फलकात लावायचा, एवढाच त्याचा व्याप. कविता, सहलींची वर्णने, थोर पुरुषांच्या जयंत्या असा मजकूर असे तोवर सर्व आलबेल होते. १९९८ साली मी त्यात वसतिगृहाच्या मेसवर पाऊण स्तंभ लिहिला. मुलांकडून घेतलेल्या अनामत रकमेचे पुढे काय होते, असा साधा प्रश्न त्यात होता. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावले. ते रागावले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितले, चहा मागवला आणि शांतपणे विचारले, "याला पुरावा आहे का?" पुरावा माझ्याजवळ नव्हता. मुले बोलत होती, ते मी ऐकले होते, एवढेच. चहा संपवून मी जिन्यापाशी गेलो, काच सरकवली आणि तो कागद स्वतःच्या हातांनी उतरवला. त्यानंतर भित्तिपत्रकात मी पुन्हा काही लिहिले नाही. हिशेबाची वही प्राचार्यांच्याच कपाटात होती, ती दाखवावी अशी विनंती आपण करू शकलो असतो, हे मला फार उशिरा सुचले. असो.

आता मूळ कथेकडे वळतो. ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील आहे. हे नाव मराठी माणसाला परके नाही, आणि मी ज्या बडोद्यात शिकवतो त्या बडोद्याला तर मुळीच नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ साली याच विद्यापीठात गेले आणि १९१६ पर्यंत तेथे शिकले. परतल्यावर ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांच्या 'मूकनायका'चा पहिला अंक निघाला, आणि १९५२ साली कोलंबियाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. बाबासाहेब तेथे शिकत होते तेव्हा त्या आवारात विद्यार्थ्यांचे एक वर्तमानपत्र निघत असे. त्याचे नाव 'स्पेक्टेटर', म्हणजे प्रेक्षक. १८७७ साली ते सुरू झाले होते. विद्यापीठाच्या अध्यक्षपदी तेव्हा निकोलस मरे बटलर होते. ते १९०२ साली त्या पदावर आले आणि १९४५ पर्यंत राहिले. एवढी प्रदीर्घ सत्ता संस्थानिकांनाही क्वचितच लाभते.

हे बटलर सामान्य गृहस्थ नव्हते. राष्ट्राराष्ट्रांत सलोखा नांदावा यासाठी त्यांनी बरीच खटपट केली आणि १९३१ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना जेन अॅडम्सबाईंच्या बरोबरीने मिळाले. परंतु परदेशांतील तंटे सामोपचाराने मिटवावेत असे सांगणाऱ्या पुरुषाला घरातील मतभेद सोसतोच असे नाही. १९१७ साली, अमेरिका महायुद्धात उतरल्यावर, युद्धाला विरोध केल्याबद्दल कॅटेल आणि डेना या दोन प्राध्यापकांना कोलंबियाने काढून टाकले होते, आणि त्याच्या निषेधार्थ चार्ल्स बिअर्ड या नामवंत इतिहासकाराने राजीनामा दिला होता. ही पूर्वपीठिका लक्षात ठेवली म्हणजे पुढचे आश्चर्य थोडे कमी होते.

१९३१-३२ या शैक्षणिक वर्षात 'स्पेक्टेटर'चा संपादक होता रीड हॅरिस. हा तरुण मोठा तापट लेखणीचा. त्याच्या आधीच्या संपादकांनी अंक चालवला तो बहुधा क्रीडावृत्ते, नृत्यसमारंभ आणि विद्यापीठाची सूचनापत्रे यांवर. हॅरिसने पहिला हल्ला चढवला तो फुटबॉलवर. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळण्याचा खेळ. अमेरिकेतील फुटबॉल निराळा, धक्काबुक्कीचा, आणि तेथील कॉलेजांत त्याला जे माहात्म्य आहे त्याची कल्पना आपल्याला येणे कठीण. सामन्यांना हजारोंची गर्दी लोटते, तिकिटांचा पैसा जमतो, आणि त्या पैशासाठी अभ्यासाशी ज्यांचा फारसा संबंध नाही असे धट्टेकट्टे गडी विद्यार्थी म्हणून दाखल करून घेतले जातात. १९२९ साली कार्नेगी प्रतिष्ठानने या व्यवहाराची चौकशी करून एक जाडजूड अहवालही प्रसिद्ध केला होता. गंमत अशी की याच बटलरसाहेबांच्या कारकिर्दीत, १९०५ साली, कोलंबियाने फुटबॉल बंद करून टाकला होता आणि दहा वर्षांनी, १९१५ साली, तो पुन्हा सुरू झाला होता. हा खेळ आता धंदेवाईक झाला आहे, हौशी राहिलेला नाही, असे हॅरिसने १९३१ च्या हंगामात छापले, आणि खेळाडू, त्यांचे चाहते व माजी विद्यार्थी अशा सर्वांचा रोष ओढवून घेतला.

तरीही फुटबॉलपायी त्याला कोणी काढले नाही. मार्च १९३२ मध्ये केंटकी राज्यातील हार्लन परगण्यातील कोळसा-खाणकामगारांचे हाल पाहण्यासाठी न्यूयॉर्कचे विद्यार्थी निघाले आणि त्यांना वाटेतच परतवण्यात आले, तेव्हा 'स्पेक्टेटर'ने त्यांची बाजू घेतली. तेही विद्यापीठाने सोसले. सोसले गेले नाही ते भोजनगृह.

तो काळ महामंदीचा होता. बँका बुडाल्या होत्या, बेकारीने कळस गाठत आणला होता. पूर्वी ज्यांचे वडील सहज फी भरत अशी मुले आता शिक्षणासाठी पडेल ते काम करीत होती. कोलंबियाच्या जॉन जे हॉल या इमारतीतील भोजनगृहात ताटे मांडणारे आणि उचलणारे कित्येक वाढपी विद्यार्थीच होते. हे भोजनगृह विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी चालते असे विद्यापीठ म्हणे. ते नफ्यासाठी चालते, अन्न चांगले नसते आणि वाढपी मुलांना नीट वागवले जात नाही, असे 'स्पेक्टेटर'ने छापले. १ एप्रिल १९३२ रोजी डीन हर्बर्ट हॉक्स यांनी हॅरिसला विद्यापीठातून काढून टाकले. वर्षभर चाललेल्या असभ्यपणाचा, आडवळणाच्या आरोपांचा आणि विपर्यासाचा हा कळस आहे, अशा आशयाचे कारण त्यांनी दिले.

श्रोतेहो, येथे मला क्षणभर थांबावेसे वाटते. हॉक्स हे दुष्ट गृहस्थ नव्हते. ते गणिताचे प्राध्यापक, अनेक वर्षे डीनपदावर राहिलेले. हॅरिसची भाषा बोचरी होती आणि वयोमानाप्रमाणे तीत आढ्यताही होती, हे त्याच्या चाहत्यांनीही नाकारू नये. पण डीनसाहेबांच्या आरोपातील एका शब्दाकडे माझे लक्ष पुन्हापुन्हा जाते. तो शब्द म्हणजे विपर्यास. एखाद्याने सत्याचा विपर्यास केला असे म्हणायचे तर सत्य काय आहे ते समोर मांडावे लागते. भोजनगृहाला नफा होतो की नाही हे जमाखर्चाच्या वहीवरून ठरणार. ती वही विद्यापीठाच्या ताब्यात आणि विद्यार्थ्याला काढून टाकण्याचा अधिकारही विद्यापीठाच्याच ताब्यात. विद्यापीठाने अधिकार वापरला. ज्याच्या कपाटात वही असते तोच समोरच्याकडे पुरावा मागतो, हा अनुभव न्यूयॉर्कपुरता नाही. जिन्याशेजारच्या त्या काचेच्या फलकापाशी मीही तो घेतला आहे. फरक इतकाच की मी कागद उतरवला, हॅरिसने उतरवला नाही.

पुढे जे झाले त्याची डीनसाहेबांना कल्पना नसावी. अमेरिकेतील विद्यार्थी तोपर्यंत बव्हंशी राजकारणापासून दूर असत. ६ एप्रिलला कोलंबियात एक दिवसाचा हरताळ पडला. हजारो विद्यार्थी ग्रंथालयासमोर जमले, पुष्कळांनी वर्गांवर बहिष्कार घातला. खेळाडू मंडळी विरुद्ध बाजूने उतरली आणि थोडी झटापटही झाली. हरताळवाल्यांत असे पुष्कळ होते की ज्यांना हॅरिसची मते पसंत नव्हती; लिहिल्याबद्दल काढून टाकू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. इतर कॉलेजांतील संपादकांनीही निषेध नोंदवला. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन नावाची नागरी हक्कांचे रक्षण करणारी एक संस्था १९२० पासून काम करीत आहे. तिने हॅरिसला वकील दिला. कोलंबिया हे खाजगी विद्यापीठ, तेव्हा राज्यघटनेतील भाषणस्वातंत्र्याचे कलम सरळ लागू करता येण्यासारखे नव्हते. तरी कोर्टकचेरीची टांगती तलवार होतीच. २० एप्रिलला समझोता होऊन हॅरिसचे नाव पुन्हा दाखल करण्यात आले, आणि त्याने ताबडतोब स्वतःहून विद्यापीठ सोडले. पदवी त्याला मिळाली नाही.

त्याच वर्षी त्याने 'किंग फुटबॉल' नावाचे एक पुस्तक लिहून अमेरिकन कॉलेजांवर यथेच्छ तोंडसुख घेतले. पुस्तक फारसे खपले नाही. त्यात फुटबॉलच्या जोडीने जगातील इतर अनेक गोष्टींवरही शेरे होते. विवाहसंस्थेवर एक उर्मट वाक्य होते, आणि कम्युनिस्टांनाही कॉलेजात शिकवू द्यावे असे म्हटले होते. बाविसाव्या वर्षी मनुष्य अशी वाक्ये लिहितो. बहुतेकांची वाक्ये वह्यांतच राहतात आणि वह्या वाळवी खाते. हॅरिसची छापली गेली, हा त्याच्या आयुष्यातील मोठा अपघात म्हणायचा.

नंतर तो सरकारी नोकरीत शिरला. बेकार लेखकांना काम देणाऱ्या फेडरल रायटर्स प्रोजेक्ट या योजनेत तो १९३८ पर्यंत सहायक संचालक होता. दुसऱ्या महायुद्धात माहिती खात्यात आणि सैन्यातही त्याने काम केले. येथून पुढे त्यांना अहो-जाहो करणे प्राप्त आहे, कारण १९५३ साली ते माझ्याच वयाचे, त्रेचाळीस वर्षांचे, जबाबदार अधिकारी झाले होते. व्हॉइस ऑफ अमेरिका ही नभोवाणी ज्या खात्याच्या अखत्यारीत होती त्या आंतरराष्ट्रीय माहिती खात्याचे ते उपप्रमुख होते.

ते दिवस सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचे होते. सरकारी खात्यांत कम्युनिस्ट दडले आहेत, त्यांना हुडकून काढतो, असा धडाका त्यांनी १९५० पासून लावला होता. १९५३ च्या आरंभी त्यांच्या उपसमितीची दृष्टी नभोवाणीकडे वळली, आणि मार्च महिन्यात हॅरिस यांची जाहीर साक्ष झाली. कॅमेरे चालू होते. मॅकार्थींच्या हातात ते न खपलेले पुस्तक होते. त्यातील उतारे ते वाचून दाखवीत आणि प्रश्न विचारीत. तुम्ही कोलंबियात होता काय? तुम्हाला काढून टाकले होते काय? हॅरिस यांनी सांगितले की १ एप्रिल १९३२ रोजी मला वर्गांतून काढण्यात आले, नंतर परत घेण्यात आले, आणि मग मी विद्यापीठ सोडले. त्या वेळी सिव्हिल लिबर्टीज युनियनने तुम्हाला वकील दिला होता काय? दिला होता. ही संस्था कम्युनिस्ट पक्षाची आघाडी म्हणून यादीत आहे हे तुम्हाला ठाऊक आहे काय? यावर हॅरिस उत्तरले, "अध्यक्षमहाशय, ही गोष्ट १९३२ सालची आहे."

मी ही साक्ष प्रथम वाचली तेव्हा या एका वाक्यापाशी बराच वेळ अडखळलो. त्यात विनवणी नाही, आवेशही नाही. आहे ते नुसते कालाचे भान. एकवीस वर्षांपूर्वीचा कॉलेजकुमार आणि आज समोर बसलेला अधिकारी यांत काही अंतर आहे की नाही, असा तो प्रश्न होता. हॅरिस यांनी स्पष्ट सांगितले की पुस्तकातील ती मते आता आपली राहिलेली नाहीत. आपली मान मोठ्या कौशल्याने मुरगळली जात आहे असेही त्यांनी अध्यक्षांना तोंडावर ऐकवले आणि या चौकशीचा सूर आपल्याला संतापजनक वाटतो असे म्हटले.

विवाहाविषयीचे ते वाक्य मला स्वतःला मुळीच रुचत नाही. मी कॅथलिक आहे, आणि आमच्या धर्मात विवाह हा संस्कार मानला जातो. मॅकार्थीही कॅथलिकच होते, जेझुइटांच्या मार्केट विद्यापीठात शिकलेले. पण आम्हा कॅथलिकांना लहानपणीच पापनिवेदनाच्या कठड्यापाशी हेही शिकवले जाते की जे कबूल केले, ज्याचा पश्चात्ताप झाला, ते पुन्हा उकरून काढायचे नसते. सिनेटर महाशयांना तो धडा त्या दिवशी आठवला नाही.

हॅरिस यांनी एप्रिल १९५३ मध्ये राजीनामा दिला. मॅकार्थींना त्यांच्याविरुद्ध सिद्ध असे काहीच करता आले नव्हते, तरी नोकरी गेली ती गेली.

ही कथा येथेच संपली असती तर मी ती आपल्याला ऐकवली नसती. एवढे खिन्न करण्याचा मला अधिकार नाही. वर्षभराने, ९ मार्च १९५४ रोजी, एडवर्ड मरो या विख्यात पत्रकाराने सीबीएस दूरचित्रवाणीवरील आपल्या कार्यक्रमात मॅकार्थींच्याच भाषणांचे आणि चौकशीचे तुकडे जुळवून लोकांसमोर ठेवले. त्यात हॅरिस यांची साक्ष होती. मरो यांनी दोन गोष्टी शांतपणे नोंदवल्या. एक, ज्या संस्थेला मॅकार्थी यादीतील म्हणत होते ती अॅटर्नी जनरलच्या त्या यादीत कधीही नव्हती. दुसरी, हॅरिस यांनी एक वाईट पुस्तक लिहिले होते एवढेच या चौकशीतून सिद्ध झाले, आणि ते तर अमेरिकन जनतेने पुस्तक विकत न घेऊन बावीस वर्षांपूर्वीच सिद्ध केले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सिनेटने मॅकार्थींवर निषेधाचा ठराव मंजूर केला. पुढे १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी मरो यांना सरकारी माहिती संस्थेचे प्रमुख नेमले; व्हॉइस ऑफ अमेरिका तेव्हा तिच्याच छत्राखाली होती. मरो यांनी रीड हॅरिस यांना सरकारी सेवेत परत बोलावून घेतले. ते १९८२ साली वारले.

आणि 'स्पेक्टेटर'? १९६२ साली ते विद्यापीठापासून अलग झाले. त्याची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. आता डीनला संपादक आवडो वा न आवडो, वर्तमानपत्राचे मालक विद्यार्थीच. २०१४ साली त्याचा रोजचा छापील अंक थांबला. भोजनगृहाचे हिशेब पुढे कोणी तपासले की नाही, याकडे हरताळ, समझोता आणि सिनेटची उपसमिती यांच्या गदारोळात फारसे कोणाचे लक्ष राहिले नाही. मला मात्र त्या वाढपी मुलांची अजून आठवण येते. सारा इतिहास त्यांच्या ताटांवरून सुरू झाला आणि ती मुले कोण, कुठली, याचा इतिहासात कोठे उल्लेखही नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील नववीच्या मुलींनी भित्तिपत्रक काढायचे ठरवले आणि मार्गदर्शक म्हणून माझे नाव घातले. पहिल्याच अंकात एका मुलीने लिहिले होते की मागच्या बाजूच्या नळाला पाणी नसते आणि मुलींना मधल्या सुट्टीत खालच्या मजल्यावर जावे लागते. मजकूर चार ओळींचाच होता. तो वाचताच माझ्या हाताने आपोआप लाल पेन उचलले, हे कबूल करतो. मग मी तिला विचारले, "बाळ, पाणी किती दिवस नव्हते?" तिने वहीचे शेवटचे पान उघडून दाखवले. तेथे एकाखाली एक अकरा तारखा लिहिलेल्या होत्या. त्या तारखाही मजकुरात घाल, असे मी तिला सांगितले, आणि लाल पेन खिशात ठेवले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला मुख्याध्यापकांनी बोलावल्याचा निरोप आला, तेव्हा जाताना मी तिची ती वही मागून घेतली.